सहाशे तासांखालची सही

मेदियाश,
२ मार्च, रविवार

प्रिय बाबा,

नमस्कार. आम्ही दोघी बऱ्या आहोत. तुम्ही आणि ओविदियुकाका तिकडे गावात बरे असाल. थंडीनं आईची कंबर धरली होती, आता चालती-फिरती झाली. पिंपातला आंबवलेला कोबी ती कुणाला काढू देत नाही. "ते आले की त्याच्या पानांत खिमा भरून सारमाले करीन," म्हणते.

मी सकाळी क्रिनाबाईंच्या बेकरीत असते आणि दुपारी शाळेत. हो, त्याच शाळेत, जिथं तुम्ही प्रात्यक्षिकांचे शिक्षक होतात. बाविसाव्या वर्षी सोळा वर्षांच्या पोरांशेजारी बाकावर बसते. पोरं मला 'आजी' म्हणतात. म्हणू देत.

डिप्लोमा असताना पुन्हा शाळा कशाला, असं तुम्ही विचाराल.

गेल्या उन्हाळ्यात आमचा गाड्यांच्या वायरिंगचा कारखाना बंद पडल्यावर मी लाकूड गिरणीत मुलाखतीला गेले होते. 'जागा आधीच भरली होती' असं घरी येऊन सांगितलं. ते खोटं होतं. तिथल्या फोरमननं, त्सुर्कानूनं, माझा कागद वाचला: विद्युत यंत्रांची दुरुस्ती, सहाशे तास प्रात्यक्षिक. खूश झाला. बंद पडलेली एक मोटर आणि मीटर पुढ्यात ठेवून म्हणाला, "बघ बरं, काय बिघडलंय." मीटरच्या तारा कुठं लावायच्या तेच मला ठाऊक नव्हतं. कसं असणार? शिक्षणाची तीन वर्षं आम्हाला कारखान्यातल्या एकाच फळीसमोर उभं केलं होतं. चौदा तारा, चौदा खाचा. पुढं नोकरीची तीन वर्षंही तीच फळी, त्याच खाचा.

तो हसला असता तरी चाललं असतं. हसला नाही. हळूच म्हणाला, "पोरी, तुला शिकवलं कुणी? ही सही कुणाची?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

सहीखाली आणि माझ्या नावापुढे एकच आडनाव होतं, बाबा. त्यानं दोन्ही वाचली होती. कागद घडी घालून परत दिला, बस्स.

काका फोनवर आईला म्हणाले, की पोरीनं बापाचा चारचौघांत पाणउतारा केला. नोव्हेंबरच्या त्या सभेत मी त्यासाठी उभी राहिले नव्हते. गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणारा नवा कारखाना आला होता, आणि तुम्ही मंचावरून सांगत होतात, "तीन वर्षं शिक्षण, हातात डिप्लोमा, दारात नोकरी." लोक टाळ्या वाजवत होते. माझ्या पुढच्या रांगेत एक पोरगी आपल्या आईला आनंदानं बिलगली होती. माझ्या शेजारी बसून आपल्या आईनं माझी बाही घट्ट धरली होती. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "खाली बस, स्मारांदा." मी काय बोलणार हे तुम्हाला माहीत होतं.

"आम्हा एकोणतीस जणांना दुरुस्तीचा एक तासही शिकवला नाही. सहाशे तासांची खोटी हजेरी माझ्या वडिलांनी भरली." एवढंच बोलले मी.

घरी तुम्ही ओरडलात, "पोरांना काम मिळालं ना? घरोघर पगार आला ना?" आला. तीन वर्षं आला. मग कारखाना उठून दुसऱ्या देशात गेला आणि आम्ही विशीतच निकामी ठरलो.

तुमची नोकरी गेली, तुम्ही काकांकडे निघून गेलात, त्याचं वाईट वाटतं. बोलल्याचं वाटत नाही. उद्या सभा भरली तर पुन्हा उभी राहीन.

गेल्या मंगळवारी बेकरीतलं कणीक मळायचं यंत्र घुरघुरायला लागलं. क्रिनाबाई ओरडल्या, "डिप्लोमावाल्या बाई, हात लावू नका हं! मेकॅनिक शुक्रवारी येतोय." मी ऐकलं नाही. पेचकसाचं टोक मोटरच्या अंगाला टेकवलं, मूठ कानाला लावली. आत खरखर. बेअरिंग गेलं होतं. यंत्र बंद करून उघडलं, मोटर शाळेच्या कार्यशाळेत नेली, दुपारभर झटून नवं बेअरिंग बसवलं. बुधवारी यंत्र गुमान फिरलं. क्रिनाबाईंनी गरम पाव माझ्या हातात ठेवला.

पेचकसानं ऐकायचं मला कुठल्याच वर्गात कळलं नाही. मी नऊ वर्षांची असताना तळघरातल्या पंपाला तुम्हीच मला तसा कान लावायला सांगितलं होतं. म्हणजे तुम्हाला सगळं येत होतं. मला खरा राग त्याचा आहे.

शाळेनं लेथची खोली पुन्हा उघडलीय. पालकांनीच गंज खरवडला. एकोणतिसांपैकी आम्ही अकरा जण परत आलोत. शिकवायला म्हातारे माटेई इंजिनिअर येतात, पण त्यांचा हात थरथरतो. मुख्याध्यापिकाबाईंशी मी तुमच्याबद्दल बोलले. त्या म्हणाल्या, "पगार नाही. कुठल्याही कागदावर सही करायची नाही. नुसतं शिकवायचं असेल तर येऊ देत."

येत्या शनिवारी, सकाळी दहा वाजता, लेथच्या खोलीत. पोरं वाकडं बघतील, एखादा टोमणाही मारेल. मी कुणाला अडवणार नाही. तुम्ही माझी माफी मागू नका, मीही मागणार नाही. यायचं असेल तर कोट घरी ठेवून कामाचा डगला घालून या.

वाट बघणारी तुमची मुलगी,
आणि तुम्ही अजून न शिकवलेली विद्यार्थिनी,
स्मारांदा