ह्यांचा माऊस

४ मार्च, मंगळवार

मनगट आज पुन्हा रुसलं. पातेलं हातातून सुटलं, दूध सगळं ओट्यावर. मांजर खूश.

दुपारी छापखान्याचा मालक आला. घाई त्याच्या अंगातच आहे — एक चप्पल काढतो, दुसरी तशीच. प्रोफेसरांचं पुस्तक टेबलावर ठेवलं. चारशे पानं, सगळी हाताने लिहिलेली. अक्षर असं, की दोरीवरचे कपडे वाऱ्याने एकमेकांत गुंतलेत.

"वहिनी, हे अक्षर फक्त तुम्हालाच लागतं," म्हणाला. मग माझ्या मनगटावरच्या पट्ट्याकडे बघितलं. "पहिली शंभर पानं एकतीस तारखेला टाईप करून द्या. जमणार नसेल तर सांगा, दुसरीकडे देतो. राग मानू नका."

देते म्हटलं. माझं तोंड नेहमीच हाताच्या पुढे.

६ मार्च, गुरुवार

लेकीचा फोन. तेच — "आई, पुरे आता ते टायपिंग. माझ्याकडे येऊन निवांत राहा."

तिच्या घरी निवांत म्हणजे सोफ्यावरची उशी. पाहुणे आले की झटकून नीट ठेवायची. म्हटलं, "येते की. पण जावईबापूंना रोज चिडवीन, चालेल?" तर म्हणते, "त्याला सवय आहे, मी आहे ना." माझीच लेक.

हसत फोन ठेवला. पण हे काम गेलं तर जावंच लागेल, मला काय कळत नाही? दोन वर्षं या कामावर मी या घरात आहे. दाराची किल्ली माझ्या हातात आहे. आणि हातच बिघडलाय.

७ मार्च, शुक्रवार

हाडांच्या डॉक्टरकडे. अगदी कोवळा आहे. मिशी काढलीय की अजून यायचीय, कळेना. मनगट दाबलं, वाकवलं, फिरवलं.

"आजी, हाड ठणठणीत आहे. तुम्ही हात वाकडा ठेवून काम करता. कीबोर्ड-माऊस हाताला बसेल असा घ्या."

म्हटलं, "आजी म्हणालास, आता आजीकडून फी घेणार?" कानापर्यंत लाल झाला. फी घेतलीच.

८ मार्च, शनिवार

चार पानं. गेल्या वर्षी दिवसाला बारा व्हायची.

९ मार्च, रविवार

कॉम्प्युटर मूळचा ह्यांचा. छापखान्याचं काम हेच करायचे. मी शेजारी बसून अक्षर लावून वाचून दाखवायची. शिक्षण गावच्या शाळेत, सातवीपर्यंत — पण वाचन खणखणीत, मास्तर मलाच वर्गापुढे उभं करायचे. कीबोर्डही ह्यांनीच शिकवला. हे पक्के डावरे. लिहिताना, जेवताना, पाठ खाजवताना सुद्धा डावा हात. मी चुकून त्यांच्या डावीकडे बसले की कोपरावर कोपर. वर मलाच म्हणायचे, "रस्ता सोड!"

हे गेल्यावर मी खुर्ची पुढे ओढली, माऊस उचलून उजवीकडे ठेवला आणि सुरू झाले. बाकी काही हलवलं नाही. कीबोर्डवरची निम्मी अक्षरं त्यांच्या बोटांनी केव्हाच पुसून नेलीत. आता तो बदलायचा म्हणे. सकाळपासून तीनदा फडक्याने पुसला. उगाच.

१२ मार्च, बुधवार

कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. प्रोफेसरांचं एक पान बरोबर नेलं. दुकानदाराला म्हटलं, खुर्ची द्या. उभ्याने कीबोर्ड बघून काय कळतं? चपला सुद्धा माणूस चालून बघतो. स्वतःची खुर्ची दिली बिचाऱ्याने.

पाच कीबोर्डांवर तोच एक परिच्छेद टाईप केला. एक इतका उंच, की मनगट मांजरासारखं पाठ वर काढून बसलं. एक मधोमध दुभंगलेला — दोन भावांनी वाटणी मागितल्यासारखा. दुकानदार म्हणे, हा हाताला सगळ्यात चांगला. असेल. पण माझी बोटं शेजारच्याच्या हद्दीत जातात, भांडणं होतील. शेवटी एक बसका, बुटका मिळाला. उजवीकडचा आकड्यांचा चौकोन त्याला नाहीच. "त्यामुळे माऊस जवळ येतो, काकू. खांदा ताणायला नको." हे पटलं. बटणं मऊ. आवाज मात्र नाही. आमच्या जुन्याची खडखड शेजारणीच्या घरात ऐकू जाते, थांबली की विचारायला येते, बरं आहे ना म्हणून. तिला सांगून ठेवायला हवं.

मग माऊस. एक उभा होता, हात मिळवल्यासारखा धरायचा. म्हटलं, ओळख ना पाळख, रोज सकाळी ह्याच्याशी हात मिळवू? बाकीचे सगळे बिघडलेले निघाले. हो, सगळे. बटण दाबलं की काम व्हायच्या ऐवजी भलतीच यादी उघडते. चार बघितले, चारही तसेच. मी म्हटलं, "अहो, बिघडलेला माल पुढे मांडता आणि चांगला आत ठेवता का?" दुकानदार घामाघूम. शेवटी म्हणाला, "काकू, घरी वापरता तो घेऊन या. त्याच्यासारखाच देतो."

१४ मार्च, शुक्रवार

ह्यांचा माऊस रुमालात बांधून नेला. दुकानदाराने हातात घेतला, फिरवून पाहिला. मग मला म्हणाला, "धरून दाखवा."

धरला.

"काकू, हा डाव्या हाताचा आहे."

म्हटलं, माऊसला कुठला आलाय हात. तर त्याने दाखवलं. एका कडेला खळगा आहे, तो अंगठ्यासाठी. उतार डाव्या तळव्याच्या बेताने. मी उजव्या हातात धरून मनगट बाहेर पिळत होते. "आणि घरच्या कॉम्प्युटरला बटणंही उलटी करून ठेवलेली असणार. म्हणून तुम्ही उजवं बटण दाबता. आमचे माऊस चांगले आहेत, काकू."

दुकानात हसू आवरेना. मलाच. तो बिचारा हसायला घाबरत होता, म्हटलं हसा हो, नाहीतर पोटात दुखेल. मग दोघंही हसलो. त्याची माफी मागितली. त्याने मधल्या आकाराचा एक माऊस काढला, पूर्ण तळवा टेकेल असा. "मुठीत आवळू नका. नुसता हात ठेवा." बटणं सरळ कशी करायची ते कागदावर लिहून दिलं.

संध्याकाळी ह्यांचा माऊस डाव्या हातात धरून पाहिला. खळगा गुळगुळीत झालाय. अंगठा आपोआप त्यातच जातो. दोन वर्षं मी त्यांच्या अंगठ्याच्या जागी करंगळी ठेवत होते.

रस्ता सोड म्हणायचे. सोडलाच नाही मी.

१५ मार्च, शनिवार

बटणं सरळ केली. काम उलटं झालं. प्रोफेसरांचा अख्खा परिच्छेद उडवला, मग परत आणला. त्यांना कळणार नाही. परिच्छेद कंटाळवाणाच होता.

२२ मार्च, शनिवार

सात पानं. पट्टा काढून खुंटीला टांगला.

शेजारीण आलीच. "आवाज नाही आठवडाभर, म्हटलं बघून यावं." नवा कीबोर्ड दाखवला. तिला काही आवडला नाही. "आवाजच नाही, तर तुम्ही जिवंत आहात हे कळायचं कसं?" म्हटलं, गाणं म्हणत जाईन. "नको," म्हणाली, "मीच येत जाईन."

२७ मार्च, गुरुवार

अकरा! दुधाचं पातेलं एका हाताने उचललं. मांजर ओट्याखाली आशेने बसून राहिलं.

३१ मार्च, सोमवार

एकशे चार पानं दिली. मालकाने उभ्याउभ्या चाळली. मग बसला. मग दुसरी चप्पलही काढली. "उरलेली कधी देता, वहिनी?" दुसरीकडे द्यायचं नाव नाही. म्हटलं, आधी चहा तर घ्या, तुम्हाला बसलेलं मी पहिल्यांदाच बघतेय.

६ एप्रिल, रविवार

लेक आली. टेबलाकडे बघून म्हणाली, "कळलं वाटतं अखेर." मग एकेक सांगू लागली.

ह्यांचा माऊस तिनेच आणला होता, वाढदिवसाला, मुद्दाम डावरा शोधून. मी तो उजव्या हातात धरते हे तिने पहिल्याच आठवड्यात पाहिलं होतं.

"सांगणार होते, आई. पण बाबा गेल्यावर तू धड जेवत नव्हतीस, बोलत नव्हतीस. त्याच्यावर हात ठेवून मात्र बसायचीस. काढून कसा घेऊ? काम सोड म्हणणं सोपं होतं."

डाव्या हाताने तिचा कान पिळला. उजवा आता कामाचा आहे.