बाबांना दाखवलेलं वाळवंट

आई, परवाच्या शनिवारी आम्ही बाबांना वाळवंट दाखवायला नेलं. नेदरलँड्समध्ये कसलं आलंय वाळवंट, असं तू म्हणशील. पण आमच्या बेस्ट गावाहून गाडीने फार लांब नाही, पाइनच्या जंगलाच्या मधोमध खरोखरच मोकळी वाळू आहे, टेकड्याच्या टेकड्या, आणि इथले लोक तिला कौतुकाने सहारा म्हणतात. बाबा सध्या आमच्याकडे आलेत. आम्ही त्यांना ट्यूलिप दाखवले, पवनचक्क्या दाखवल्या. ते सगळ्याला छान म्हणाले आणि परतताना गाडीत झोपले. मग एकदा जेवताना तुझ्या जावयाने सहज या वाळूचा विषय काढला, तर हातातला घास तसाच ठेवून बाबा म्हणाले, "तिथे जाऊ या."

तू मस्कतच्या हॉस्पिटलात नर्स होतीस ती सगळी वर्षं बाबांनी मिरजेत शाळा सांभाळली आणि मला सांभाळलं. सकाळी ते माझ्या वेण्या घालायचे, त्या मधल्या सुट्टीपर्यंत सुटायच्या. त्यांना तिकडे यायला कधी जमलंच नाही. एका दिवाळीच्या सुट्टीत मी तेवढी आले, ओळखीच्या एका बाईंबरोबर, आणि तुझ्या शुक्रवारच्या सुट्टीला तुझ्या मैत्रिणींनी व्हॅन ठरवून आपल्याला वाळवंटात नेलं. तू गेलीस, आता ते पाहिलेलं घरातलं माणूस मी एकटीच उरले.

जंगल संपतं आणि एकदम वाळू लागते. माझा मुलगा ओरडत उतारावरून लोळत गेला. बाबा मात्र कडेलाच उभे. जावयाने घेऊन दिलेले बूट, अंगात दोन स्वेटर, कानटोपी.

"असंच होतं का?"

"तिथली वाळू तांबूस होती. आणि झाड एकही नव्हतं."

"तुम्ही जेवायला कुठे बसला होतात?"

"अशाच एका उतारावर," म्हणत समोरच्या एका उताराकडे मी बोट दाखवलं. माझा हात न धरता ते तिथवर चालत गेले, बसले, बूट-मोजे काढले आणि पाय वाळूत ठेवले. वाळू गार होती. सर्दी होईल म्हटलं, तर त्यांनी ऐकलंच नाही. मग म्हणाले, "मला नेहमी वाटायचं, ती तिकडे एकटीच जेवत असेल. ताटावर बसलो की हेच यायचं मनात."

मी त्यांना सांगितलं की त्या दिवशी सगळ्याजणी होत्या. केरळच्या मैत्रिणींनी इडल्या आणल्या होत्या, तू दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. वारा सुटला, चटणीत वाळू गेली, तरी सगळ्यांनी ती कचकच खाल्ली.

"हसत होती?"

"खूप."

त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. मग नातू डचमध्ये काहीतरी बडबडत आला. बाबांना त्यातलं अक्षर कळत नाही. त्याने त्यांच्या पावलांवर ओंजळीने वाळू ओतायला घेतली आणि ते हलले नाहीत, पार घोट्यापर्यंत पुरले जाईस्तोवर बसून राहिले. येताना मात्र गाडीत झोपले नाहीत. खिडकीतून बाहेर बघत होते.

हे मी लिहिते आहे, ते जायचं कुठेच नाही. तरी त्यांना जे बोलले नाही ते तुला सांगते. जेवण झाल्यावर मी चपला टाकून पळत सुटले आणि तापलेल्या वाळूत माझे तळपाय पोळले. दोन वर्षांनी भेटत होतो आपण. तोवर मी तुझ्याशी नीट बोललेही नव्हते, झोपायचे ती भिंतीकडे तोंड करून. एवढी घोडी झालेली मी, पण तू मला पाठुंगळीला घेतलंस आणि व्हॅनपर्यंत एकदाही न थांबता चालत राहिलीस. माझा गाल तुझ्या पाठीवर होता. पाठ हलत होती. तुझा चेहरा मला दिसत नव्हता, आई. तू हसते आहेस, असं मी तेव्हाच ठरवून टाकलं.