बनशंकरीचा कौल

शहापूर, सोमवार

ती. अण्णास,

मागच्या पत्रात मी लिहिले की बनशंकरीला कौल गुरवाने लावला. ते चुकले. गुरव प्लेगच्या भीतीने आधीच रानातल्या झोपडीत गेला होता. देवीच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या आईनेच लावल्या. उजवी पडली तर गाव सोडायचे, डावी पडली तर राहायचे. मी हात जोडून उजवीच मागत होते. दिवस मावळला तरी एकही पडली नाही. आई म्हणाली, "देवी बोलंना. आता हितंच ऱ्हायचं."

काल आपल्या हातमागाच्या खड्ड्यात मेलेला उंदीर सापडला. आपली धाकटी बहीण सुंद्रा तिथेच खेळते. मी देवळात धावले. पाकळ्या वाळल्या होत्या, तरी जागच्या हलल्या नव्हत्या. बोट लावले, तर खाली गंधाचा थर. कौल नुसत्या पाण्याने लावतात, हे आईला ठाऊक नाही असे नाही.

"आई, हे काय गं?"

"उजवी पडली असती तर तुमच्या बानं बांधलेलं घर सोडाय लागलं असतं. डावी पडली असती तर सुंद्रीचं भ्या. न्हाय पडली तेच बरं."

मला रागावता आले नाही. मी पुन्हा देवीपुढे बसले, पण काही विचारले नाही. सुंद्राला सांभाळ, एवढेच म्हटले.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. वाचून तू लोंढ्याहून धावत येशील, आणि तू इथे येऊ नयेस. आई अवसेला कुणाला उंबरा ओलांडू देत नाही. ती येईल की नाही, मला माहीत नाही. सुंद्राला घेऊन मी झोपड्यांकडे निघते आहे, उद्या मंगळवारी, अवसेलाच.

तुझी
भागीरथी