लाल मुठीचा दांडा

नाना, तुमची जीप मी उघडली. तुम्ही गेल्यापासून सतरा वर्षं ती इथे देवासला घराशेजारच्या पत्र्याखाली उभी आहे. दसऱ्याला माई तिला हळदकुंकू लावते, झेंडूची माळ घालते, आणि मी बाजारापर्यंत एक फेरी मारून आणते, एवढाच तिचा प्रवास. तुमच्या वस्तूला हात लावायचा तर आधी विचारायचं ही सवय अजून मोडलेली नाही, म्हणून लिहायला बसले. उघडून झाल्यावर विचारते आहे हे खरं, पण तसं मी लहानपणीही करत होते. मराठीत लिहायला मला वेळ लागतो, शिकणं-शिकवणं सगळं हिंदीत झालं, तेव्हा चुका काढू नका.

निमित्त माईचं. तिला एकदा वर जायचं आहे. उदयनगरच्या पुढे जंगलात तुमचा जनावरांचा दवाखाना होता, त्याच्याही वरच्या वस्तीत. मला जगात आणणारी दाई तिथे अजून आहे, आणि आता तिला खाली उतरवत नाही. माईचे गुडघेही गेलेच आहेत. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की गाडीत चार तास बसणं त्यांना आता थोडेच दिवस जमेल, कुठे न्यायचं असेल तर या उन्हाळ्याच्या आत न्या. भाड्याच्या गाड्या खालूनच परत फिरतात, कारण शेवटचा चढ सगळा सुट्या दगडांचा झाला आहे. मी माईला म्हटलं, आपली जीप आहे की, चारही चाकांना जोर असलेली. तिने लगेच दुसराच विषय काढला, आणि ते मला तेव्हा खटकायला हवं होतं.

हल्ली जुन्या जीपला डोंगरात चालण्याजोगी करण्याचं मोठं वेड आहे, नाना. मोबाइलवर पोरं दाखवतात, हे एवढाले टायर, छताला दिवे, पुढे ओढून काढायची विजेची चरखी. मी महिनाभर ते बघत बसले, आणि मग अंथरूण पाहून पाय पसरले. टायर एका ट्रॅक्टरवाल्याकडून जुने पण खोल नक्षीचे घेतले. गाडी उंच करायला बाहेरून सामान मागवण्याऐवजी लोहाराकडून कमानीचे पाटे पुन्हा तापवून वाकवून घेतले आणि प्रत्येक बाजूला एकेक जादा पाटा घातला. चार बोटं उंची मिळाली. अडकलं तर ओढायला चासीला एक जाड हूक लावला. तुम्ही असता तर लोहारापाशी उकिडवे बसून पाट्याचा रंग बघितला असता. मीही तशीच बसले, आणि उठताना लोहाराला हात द्यावा लागला.

मग मिस्त्रीने गाडी जॅकवर घेतली आणि तो खाली सरकला. बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, "जीजी, इसमें तो आगे का शाफ्ट ही नी है." मला वाटलं गंजून गळला असेल. त्याने मला खाली बोलावलं, टॉर्च मारला. इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना नेणारा शाफ्ट जिथून निघतो तिथे एक गोल पत्रा नीट कापून बसवला होता, चार बोल्ट, वर गाडीचाच हिरवा रंग. रंगावर कित्येक थर चिखल होता. "ये तो बरसों पुराना काम है," तो म्हणाला. "दो ही चक्के की गाड़ी चला रये थे साब." मी तशीच पाठीवर पडून त्या पत्र्याकडे बघत राहिले. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, तशी आपली चार चाकांची जीप.

नाना, हा काय प्रकार? मला तो चढ डोळ्यांसमोर दिसतो. मी आठ वर्षांची आहे, पावसाळा सरत आला आहे, वरच्या वस्तीत बैल आजारी आहेत. मी पुढे बसायचा हट्ट धरते आणि तुम्ही मला मागे माईशेजारी ढेपेच्या पोत्यांवर बसवता. चढाच्या पायथ्याशी गाडी थांबते. तुम्ही उतरून आगकाडीने मागच्या चाकांतली थोडी हवा सोडता, परत बसता, आणि मोठ्या गिअरशेजारचा लाल मुठीचा छोटा दांडा मागे ओढता. खट् असा आवाज होतो. तुम्ही माईकडे बघून म्हणता, "चारही लागली. आता भ्यायचं नाही." आणि गाडी चिखलातून म्हशीच्या चालीने वर जाते. मला त्या आवाजाचं इतकं वेड होतं की मी भौतिकशास्त्र घेतलं. वीस वर्षं कॉलेजात मी हाच चढ फळ्यावर काढून सांगते आहे की इथे मागची दोनच चाकं असती तर गाडी हलली नसती, माझ्या वडिलांची जीप चारही चाकांमुळे चढायची. पोरांनी वह्यांत उतरवून घेतलंय.

त्या दिवशी रिकामा वर्ग होता, मी एकटीनेच तो चढ पुन्हा काढला. यावेळी दोन चाकांचा. आणि हळूहळू तुमच्या एकेका विचित्र सवयीचा अर्थ लागू लागला. पोती नेहमी मागच्या आसावर का, रिकामं यायचं असलं तरी दगड भरून का, आम्हाला पुढे का बसू देत नव्हता. वजन मागच्या चाकांवर हवं म्हणून. हवा सोडायची ती रबर पसरून दगड धरावा म्हणून. मी बोर्डात पहिली आले तेव्हा मला मनगटी घड्याळ हवं होतं आणि तुम्ही पेनाएवढं हवा मोजायचं यंत्र दिलंत. घड्याळ वेळ सांगतं, हे रस्ता सांगतं, असं वर म्हणालात. मी दोन दिवस जेवले नाही. तेच यंत्र आज माझ्या पर्समध्ये असतं. म्हणजे गणित तुम्हाला सगळं येत होतं. मग तो दांडा कशाला ओढत होता? माईला फसवत होता? मला राग आला, हे लिहूनच टाकते.

माई स्वयंपाकघरात बाफल्यांची कणीक मळत होती. मी तिला सांगितलं तेव्हा तिने हातही थांबवला नाही. तुमच्या नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी शाफ्टचा सांधा तुटला, नवा इंदूरहून मागवायचा होता, तोवर म्हणून पत्रा लावला. मधेच वरून बोलावणं आलं, तुम्ही तसेच गेलात आणि चढलात. मग मागवू, मागवू म्हणत राहून गेलं. मी म्हटलं, तुला ठाऊक होतं तर तू बोलली का नाहीस, ते तुला धीर द्यायला खोटं बोलत होते. माईने कणकेचा गोळा परातीत आपटला.

"मला कसला धीर? मी कधी भ्याले? चढ आला की त्यांचाच हात थरथरायचा. तो दांडा ओढला की थांबायचा. मग मी कशाला बोलू?"

जनावराच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालणारा माणूस, त्याचा हात कापताना मी कधी पाहिला नव्हता. मला फक्त तुमचं ओरडणं आठवतं. पहिल्यांदा स्टेअरिंग हातात दिलंत तेव्हा मी अंगठे आत घालून धरलं होतं, तुम्ही फाडकन बोटांवर मारलंत. "दगड लागला की चाक उलटं फिरतं, अंगठा मोडेल. बाहेर ठेव." तेव्हा तुम्ही किती ठाम होतात. की तेव्हाही तुम्ही दुसरा हात मांडीखाली लपवला होता? आता विचारायला तुम्ही नाही आणि माई याहून जास्त सांगत नाही.

मी मात्र हट्टाला पेटले. धारच्या भंगारबाजारात एका मोडलेल्या जीपचा शाफ्ट मिळाला. लांबीला जास्त होता, इथल्या खराद्याने लेथवर कापून जोडून दिला. तुमचा पत्रा काढला तो फेकला नाही. शिवाय सपाट रस्त्यावर पुढची चाकं मोकळी फिरावीत म्हणून दोन जुने हब बसवले. चढ आला की उतरायचं, दोन्ही चाकांवरची खटकी हाताने फिरवून हब लॉक करायचे, आणि मगच दांडा ओढायचा, नाहीतर जोर पुढच्या चाकांपर्यंत पोचतच नाही. मिस्त्रीने मला हे तीनदा बजावलं. मी त्याला म्हटलं, भिया, मी शिकवते हे.

माघात निघालो. माई पुढे, कारण मागे चढणं तिला शक्य नव्हतं. मागे मी दाईसाठी गव्हाची दोन पोती टाकली, आणि आसावर नीट सरकवली. चढाच्या पायथ्याशी थांबले. तो माझ्या आठवणीहून उभा होता, आणि एका बाजूला नाला. उतरले, तुमच्या यंत्राने मोजून चारही चाकांची हवा कमी केली. तेवढ्यात माई म्हणाली पाणी दे, तिला पाणी दिलं, तिच्या पाठीशी उशी सरकवली, आणि येऊन बसले. लाल मूठ धरली. खट्. "माई, चारही लागली," मी म्हटलं. मधे एकदा मागचं चाक दगडावरून घसरलं, स्टेअरिंगने हिसका दिला, अंगठे बाहेर होते. गाडीने पुन्हा पकडलं आणि आम्ही वर आलो. दाई खाटेवर बसली होती. तिला दिसत नाही आता, पण आवाजावरून म्हणाली, डाक्टर साब की गाडी आई. माईला उतरवलं तेव्हा दोघी कितीतरी वेळ एकमेकींचे हात चाचपत बसल्या. माई हसत होती, नाना. एवढ्यासाठीच सगळा खटाटोप होता, आणि तो पुरला.

मी हब सोडायला पुढच्या चाकापाशी वाकले. दोन्ही खटक्या मोकळ्याच होत्या. पाणी देण्याच्या नादात मी लॉक केलेच नव्हते. पाटे, शाफ्ट, खराद्याकडचे हेलपाटे, सगळं करून मी तुमच्यासारखीच दोन चाकांवर चढले होते. खाटेवरून माईने विचारलं, "लागली होती ना चारही?" मी हो म्हटलं. ती माझ्या हातांकडे बघून म्हणाली, "बरं झालं."

हे पत्र त्या गोल पत्र्याबरोबर सीटखालच्या अवजारांच्या पेटीत ठेवते आहे. वर्गात फळ्यावरचा चढ मी दुरुस्त केला. एक गोष्ट मात्र तिथे सांगितली नाही, माईलाही नाही. दांडा ओढायच्या आधी माझा हात थरथरत होता. खट् झालं आणि थांबला.