धावपट्टीवरचा बैल

बाबा, आज आपल्या वस्तीत बस आली. यष्टी नव्हे, नगरपरिषदेची शहर बस. पांढरी, ठेंगणी, पुढच्या काचेवर झेंडूची माळ लावलेली. मारुतीच्या पारापाशी ती वळली तेव्हा ड्रायव्हरनं उगाचच हॉर्न वाजवला आणि अख्खी वस्ती टाळ्या वाजवायला लागली. मीसुद्धा वाजवल्या, आणि रडलेही. दोन्ही एकाच वेळी करता येतं हे आज कळलं. तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला पोळ्याचा दिवस लागतो, एरवी नुसतं खाकरणं आठवतं. पण ही बस तुमच्यामुळं आली आहे, म्हणून ती कशी आली हे आधी तुम्हालाच सांगते.

तुमच्या वेळी आपली वस्ती शहराबाहेर होती. मग शहरानं हातपाय पसरले आणि आपण बसल्या जागी शहरात आलो. घरपट्टी आधी आली, नळ नंतर. मी पाराशेजारी पिठाची गिरणी चालवते. बाई दळणाचा डबा ठेवते आणि पीठ होईपर्यंत घरातलं सगळं सांगून टाकते, त्यामुळं वस्तीत कुणाचं काय दुखतं हे मला डॉक्टरच्या आधी कळतं. आपला वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला तेव्हा इथल्या माणसांनी मलाच उभं केलं आणि नगरपरिषदेत निवडूनही पाठवलं. त्यांना वाटलं, ही बिचारी सांगू तिथं सही करेल आणि गप्प बसेल. तुम्ही असता तर त्यांना वेळीच सावध केलं असतं.

आणि हा सगळा कारभार ज्या विमानतळावरून झाला, तो म्हणजे तीच पट्टी, जिच्या कडेच्या गवतात तुम्ही बैल चारायचात. तेव्हा कधीमधी एखादं विमान यायचं, बाकी दिवस पट्टी आपलीच. मी सायकल शिकले ती तिच्यावर, कारण सबंध तालुक्यात बिनखड्ड्याचा रस्ता तेवढा एकच होता. तो एक दिवस मला आजही समोर दिसतो. कुणी मोठे साहेब येणार म्हणून गाव जमलंय, लेझीम चाललंय, आणि आपला पांढरा बैल ऐन पट्टीच्या मध्यावर बसून रवंथ करतोय. विमान वर घिरट्या घालतंय. शिपाई काठी घेऊन धावत येतो आणि ओरडतो, "उठव त्याले! साहेब वरतं लटकले हायेत!" तुम्ही कमरेवर हात ठेवून शांतपणे म्हणता, "मारू नका जी त्याले. रवंथ झाला का उठते तो आपल्या मनानं. साहेबाले म्हना, अजून एक चक्कर मारा." शेवटी तुम्ही त्याच्या कानाशी काहीतरी बोललात, तो उठला, आणि मग साहेबांचे पाय जमिनीला लागले. चौकीवर बोलावून तुम्हाला चांगलं दटावलं, पण घरी आलात ते हसतच.

त्या वर्षीची पोळ्याची झडती, तोरणाखाली म्हणायच्या त्या टोमण्याच्या ओळी, मला अजून पाठ आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशीची खांदशेकणी. तुम्ही बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळलं आहे, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" असं त्यांना रीतसर आमंत्रण दिलं आहे, आणि आता चुलीपाशी येऊन बसला आहात. माय उद्याच्या पुरणाची डाळ निवडतेय, मी कणीक मळतेय. दुसऱ्या दिवशी तोरणाखाली म्हणायच्या ओळी तुम्ही तोंडात घोळवताय. पहिली ओळ तुम्हाला सापडायची आणि दुसरीला गाडी अडायची. दर वर्षी अडायची. मी कणकेतून मान वर न काढता पुढचं जोडून द्यायची. त्यावर तुमचं कौतुक एवढंच, "बरं हाय." मग दुसऱ्या दिवशी झुली घातलेले, शिंगं रंगवलेले बैल आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली ओळीनं उभे राहायचे, तुम्ही हात वर करायचात आणि सगळा गलका थांबायचा.

"विमान आलं, विमान आलं, पाहाले जमलं गाव,
पट्टीवरतं बैल बसला, खाऊन राह्यला भाव.
वरतं फिरून फिरून साहेब झाले गरम,
बैल म्हने, दम धरा, रवंथ आमचा धरम.
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!"

त्या वर्षी गाव पोट धरधरून हसलं. चौकीवरचा शिपाईसुद्धा हसला. मी लांब, ओट्यावर बायकांच्या घोळक्यात उभी, आणि पहिली ओळ सोडली तर सगळी झडती माझी. पुढच्या वर्षी मी म्हटलं, बाबा, जोडते मी, तर यंदा म्हणतेही मीच. तुम्ही एकदम करडे झालात. "तोरनाखाली पोरीबाळी बोलत नाहीत. हासं होते," म्हणालात आणि बैल सोडायला निघून गेलात. मी त्या दिवशी पुरणपोळीला हात लावला नाही. डोकं मी खाजवायचं आणि शाबासकी तुम्हाला! तो राग मी जपून ठेवला, बाबा. लग्न होऊन नेरला गेले तेव्हा सोबत नेला, आणि आम्ही परत इथं राहायला आलो तेव्हा परत आणला. पण त्याच दिवसांत कापसाची बैलबंडी जिनिंगवर नेताना, मी वर कापसाच्या गंजीवर बसलेली असताना, तुम्ही मागं न बघता मला ही विद्याही शिकवलीत: "झडतीत कोनाचं नाव घ्यायचं नाही. पयले हासवायचं, मंग टोचायचं. अन् ज्याले टोचते त्याच्याकडं पाहायचं नाही, तोरनाकडं पाहायचं." म्हणायचंच नव्हतं तर शिकवलंत कशाला, हे कोडं मला कधी सुटलं नाही.

आता त्या पट्टीचा मोठा विमानतळ होतोय. पट्टी लांबवायची, तर आपल्या वस्तीतून शहरात जाणारा रस्ता कुंपणाच्या आत जातो. मग लोकांनी हायवेनं, ट्रकांच्या गर्दीतून, भला मोठा वळसा घालून जायचं. नगरपरिषदेची ना-हरकत पाहिजे होती, म्हणून ठराव सभेपुढं आला. मी विमानाच्या विरुद्ध नव्हते. येऊ दे की विमान. पण आधी कुंपणाच्या कडेनं आम्हाला रस्ता करून द्या, त्यावर बस सुरू करा आणि मगच जुना रस्ता बंद करा, एवढंच माझं म्हणणं. माझ्या गिरणीसमोरच्या घरातली पोरगी नर्सिंग शिकते. तिच्या बापानं तिला स्वच्छ सांगितलं होतं, "रस्ता बंद झाला तं मी तुले ट्रकाईतून धाडत नाही. घरी बस. पाहुने पाहून टाकू." सभेच्या आदल्या दिवशी ती ज्वारीचा डबा घेऊन आली. "आत्या, तुमी उद्या हात वर कराल न, तवा माहा पन त्यातच धरजा," म्हणाली. डबा तिथंच ठेवून पळाली, दळण न्यायचंही विसरली.

सभेत मी कागद वाचला. 'सदर रस्ता बंद झाल्यास नागरिकांची गैरसोय होऊन' वगैरे. माझी मलाच जांभई येत होती. कुणी चहा ढवळतंय, कुणी मोबाईल बघतंय. मग काका उठले. काका म्हणजे तेच तुमचे पोळ्यातले सोबती, ज्यांच्या बैलजोडीला पहिला मान असायचा. आता पार म्हातारे झाले आहेत, पण नगरसेवक म्हणून अजून निवडून येतात आणि आवाजही तसाच आहे. "अटी घालान तं विमान जाईन दुसऱ्या जिल्ह्यात. मंग बसा आपन माशा मारत. आपल्या पोट्ट्याईले कामधंदा पायजे का नाही?" त्यात खोटं काही नव्हतं, म्हणूनच सभा त्यांच्याकडं झुकली. अध्यक्षबाई म्हणाल्या, बिनाअट ठराव मताला टाकते. त्या पोरीचा हात माझ्या हातात होता आणि तो वर करायची वेळच येणार नव्हती. मी कागद खाली ठेवला. सभागृहाच्या दारावर दिवाळीचं वाळून गेलेलं झेंडूचं तोरण अजून लटकत होतं. त्याच्याकडं पाहिलं आणि म्हटलं, "आमच्या बाबाची एक झडती हाय, तेवढी आयका, मंग काय मतदान करायचं ते करा." खरं तर ती आदल्या दिवशी गिरणीवर त्या डब्याकडं बघता बघता मीच जोडली होती, पण माझी म्हणायची हिंमत झाली नाही.

"मुंबईले साहेब जाईन, उडून भुर्र भुर्र,
वस्तीतल्या पोरीले आता कॉलेज झालं दूर.
आभायात तुम्ही वाट बांधता, जमिनीवरची खाता,
विमानात बसाले, भाऊ, बंडीवर बसून जाता?
एक नमन गौरा पार्वती, हर बोला..."

"हर हर महादेव!" अख्खं सभागृह गरजलं, बाबा! लहानपणापासूनची सवय, तोंडातून निघूनच गेलं. सगळ्यात मोठा आवाज काकांचा. माझ्या शेजारी गॅरेजवाले भाई बसतात, ज्यांच्या वडिलांनी आपल्या बैलांना नाल ठोकले, ते बाक बडवत म्हणाले, "क्या बात है ताई, और एक होऊन जाऊ द्या!" मुख्याधिकारी साहेब घाटाकडचे, ते घाबरून इकडंतिकडं बघत होते. पोळ्याला तोरणाखाली अशा टोमण्याच्या ओळी म्हणतात आणि त्यांचा राग धरायचा नसतो, हे त्यांना मागून समजावून सांगावं लागलं. मी मात्र तोरणावरून नजर हलवली नाही. हसण्याचा भर ओसरला तेव्हा काका डोळे पुसत उठले. "आता झडतीवर कोनी काय बोलावं? लिवून घ्या ठरावात. आधी रस्ता, आधी बस, मंग कुंपन. एका बसले भिऊन पळून जाईन येवढं विमान काही नाजूक नसते." मग हात वर झाले, सगळ्यांचे झाले. मी माझा इतका ताणून वर केला की नंतर खांदा दुखत राहिला. पुढं वरच्या कचेऱ्यांचे उंबरठे पुष्कळ झिजवले, पण ती अट कुणाला खोडता आली नाही. विमानतळाचं काम जोरात चालू आहे, आणि त्याच्या कुंपणाच्या कडेनं आजपासून आपली बस.

पहिल्या फेरीला ती पोरगी पांढरा गणवेश घालून खिडकीशी बसली होती, आणि तिला सोडायला आलेला बाप सगळ्यांना सांगत होता की बससाठी आपण किती खटपट केली. मी मान डोलावली; जिंकलेल्या माणसानं तेवढं सोडून द्यावं. काका हट्टानं माझ्या शेजारी येऊन बसले. काठी गुडघ्यांत धरली आणि म्हणाले, "त्या दिशी सभेत खोटं काहून बोल्ली वं? म्हने बापाची झडती!" मी तोंड उघडायच्या आत तेच पुढं म्हणाले, "तुह्या बापाले दुसरी ओळ सुचली होती का कधी? पोळा फुटला का पारावर बसून दर वर्षी आमाले सांगे तो, 'पोट्टी जोडते माही, मी नुसता बोंबलतो. तिले तोरनाखाली आनलं तं तुम्ही लोकं हासान तिले. म्हनून डोकं तिचं, तोंड माहं.' साऱ्या गावाले मालूम होतं. तुलेच नव्हतं का?"

बाबा, साऱ्या गावाला सांगितलंत आणि मला नाही! चुलीपाशी नुसतं 'बरं हाय', आणि पारावर एवढं? भांडायला तुम्ही समोर हवे होतात. नेमकी बस पट्टीच्या बाजूनं चालली होती, पांढरा बैल बसला होता तिथूनच, आणि मी सगळ्यांच्या देखत मोठमोठ्यानं हसत सुटले. इतकी वर्षं सांभाळलेला राग असा एका फेरीत उतरून गेला. वाईट वाटलं ते फक्त त्या पुरणपोळीचं.

आज खांदशेकणी आहे. वस्तीत बैलजोड्या थोड्याच उरल्यात, त्यांच्या मागं ट्रॅक्टरलाही झूल घालून उभं करतात. तोरण मात्र लागतं. काकांनी मघाशी पारावर जाहीर करून टाकलं, उद्या पहिली झडती ही म्हणणार, आणि कुणी हसलं नाही. ओळी जोडून झाल्यात, दुसरीसुद्धा आणि पहिलीसुद्धा. हे पत्र टाकायला कुठली पेटी नाही, ते इथंच गिरणीत राहील. म्हणून बैलांना देतात तेच आमंत्रण तुम्हाला देते, तुम्हाला त्यात कमीपणा वाटायचा नाही: आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. आलात की ओट्यावर उभे राहा, मी राहायची तिथं. आणि एक सांगते, पण ते तिकडच्या पारावर सांगत बसू नका, तुमच्या पोटात काही राहत नाही हे आता मला कळलंय. सभागृहात माझे पाय कापले नव्हते, बाबा. आत्तापासून कापून राह्यले आहेत.