चौथ्या मजल्याची ओळ

सोमवार, ३ फेब्रुवारी
बसवनगुडीत आले एकदाची. कस्तुराबाईंची खोली फोटोत होती त्याहून मोठी निघाली, आणि खिडकीत चक्क शेवगा आहे. बाईंचं घराणं मूळचं चिकोडीकडचं, पण तीन पिढ्या इथे काढलेल्या. त्यामुळे मराठीत कानडी असं काही मिसळतात की ऐकत राहावंसं वाटतं. सामान टेकवायच्या आधीच विचारलं, "ऊट झालं काय?" नाही म्हटल्यावर भात, सार आणि गाजराची कोशिंबीर समोर आली.

ऑफिस चालत दहा मिनिटांवर, एका जुन्या घराच्या पहिल्या मजल्यावर. नऊ माणसं. आम्ही मोठ्या इमारतींसाठी सॉफ्टवेअर करतो: कार्ड टेकवलं की दार उघडतं, लिफ्ट आपणहून येते आणि आपल्या मजल्यावर सोडते. साहेब वासुदेव, पुण्याचे, हसतमुख. मी आईच्या आजारपणात दीड वर्ष घरी बसले होते. सांगलीत सगळे म्हणायचे, आता संयोगिताला कोण घेणार? घेतलं की.

बुधवार, ५ फेब्रुवारी
दोन दिवस डोकं फोडते आहे. कार्ड आणि लिफ्ट यांना जोडणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा गठ्ठा, हयवदन नावाच्या माणसाने लिहिली. तो वर्षभरापूर्वी सोडून गेला. माहितीची फाइल उघडली तर आत एकच वाक्य: माहिती लवकरच. मजला, थांबा, दार, कशाचंच स्पष्टीकरण नाही. थांब्याच्या आज्ञेला दोन आकडे द्यावे लागतात. पहिला सेकंदांचा. दुसरा कशाचा, ते ऑफिसात एकालाही ठाऊक नाही.

म्हटलं, जुने बदल बघू, कुणी कधी काय घातलं ते कळेल. तर सगळा इतिहास दाबून एकच नोंद करून ठेवलेली. तिचं नाव "किरकोळ सुधारणा". दोन वर्षांच्या कामाला. वासुदेव म्हणाले, हयवदन फोन उचलत नाही, तुम्हीच शोधा, त्यासाठीच तर घेतलंय तुम्हाला.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
पहिली शाबासकी मिळाली.

महादेवपुऱ्यातल्या एका नऊ मजली इमारतीची तक्रार होती. तिथली एक लिफ्ट रोज सकाळी आठ चाळीसला रिकामीच खाली येते, चौथ्या मजल्यावर जाते आणि दार उघडं ठेवून अकरा सेकंद थांबते. चौथा मजला तर बंद आहे. त्या गर्दीच्या वेळी लोक वैतागतात. शोधता शोधता ती ओळ सापडली: चौथा मजला, अकरा सेकंद, आणि दुसरा आकडा ४४१७. वर लिहिलेलं, हे काढू नका. का, ते नाही. असल्या टिपेचा मला भयंकर राग येतो.

काल वासुदेवांना विचारलं. त्यांनी न बघताच मान डोलावली. मी लगेच ओळ काढली, लायब्ररीची नवी आवृत्तीही चढवून टाकली. आज सकाळी लिफ्ट चौथ्यावर गेली नाही, आणि संध्याकाळी इमारतीवाल्यांचा आभाराचा फोन आला.

मंगळवार, ११ फेब्रुवारी
लिफ्टमध्ये जास्त माणसं शिरू नयेत म्हणून वजन मोजलं जातं, आणि त्याची नोंद आमच्याकडे येते. शुक्रवारपासून ती लिफ्ट रिकामी असतानाही बावन्न किलो दाखवते आहे. बावन्नच, दिवसभर. वजनाचं यंत्र तपासून घेतलं, ठीक आहे.

तिथले वॉचमन नागोजी बेळगावकडचे. फोनवर म्हणाले, माणसं ती लिफ्ट टाळायला लागलीत. मी विचारलं, काही दिसतं का?
"दिसत काय नाही बघा, म्याडम. पण आत गेलं की कुणाच्या तरी जागेवर उभारल्यासारखं वाटतंय."
फोन ठेवल्यावर थोडा वेळ कशालाच हात लावावासा वाटेना.

बुधवार, १२ फेब्रुवारी
ओळ परत घालायची ठरवली. जुनी आवृत्ती मागवली, तर पडद्यावर उत्तर आलं, या फाइलमध्ये अशी ओळ कधी नव्हतीच. मी स्वतः पुसली आहे ती! या वहीत आकडा लिहिला होता म्हणून बरं. पुन्हा टाइप केली. नव्या लायब्ररीने ४४१७ नाकारलं: कार्ड बंद आहे.

म्हणजे दुसरा आकडा कार्डाचा. यादी काढली. ४४१७, रंजिता, सफाई विभाग, चौथा मजला. कार्ड चौदा महिन्यांपूर्वी बंद.

दुसऱ्या आकड्याची जागा रिकामी ठेवून बघितली. चाललं. उद्या तशीच चढवते.

गुरुवार, १३ फेब्रुवारी
ओळ सकाळी दहाला चढवली. संध्याकाळी हयवदनने फोन उचलला. आधी तोडक्यामोडक्या हिंदीत उडवाउडवी करत होता. मी रंजिताचं नाव घेतलं, तेव्हा सावकाश सगळं सांगितलं.

ती चौथ्या मजल्यावर झाडलोट करायची. एका सकाळी, आठ चाळीसला, तिने कार्ड टेकवलं, चौथ्यावरचं दार उघडलं, तिने पाऊल टाकलं, आणि लिफ्ट तिथे नव्हतीच. चूक त्याच्या लायब्ररीची. वर सांगितल्यावर कागदावर आलं की बाईचं लक्ष नव्हतं. इतिहास दाबायला त्याला साहेबांनी सांगितलं. पुढे रोज सकाळी लिफ्टमध्ये बावन्न किलो चढायचे आणि उतरायचे नाहीत. म्हणून त्याने ती ओळ घातली. तिला कामावर उतरता यावं, एवढंच.

मी चिडून विचारलं, हे लिहून का नाही ठेवलंत? म्हणाला, ती ओळ का आहे हे लिहिलं असतं, तर ती का मेली तेही लिहावं लागलं असतं.

मग त्याने विचारलं, दुसऱ्या आकड्याच्या जागी तुम्ही काय घातलंत? मी म्हटलं, काही नाही. जागा रिकामी असली की लायब्ररी शेवटचा बदल करणाऱ्याचं कार्ड घेते, म्हणाला. आणि फोन ठेवला.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी
सकाळी आठ चाळीसला मी कस्तुराबाईंच्या स्वयंपाकघरात इडली खात होते. नोंद म्हणते, आठ चाळीसला मी महादेवपुऱ्यात लिफ्टमध्ये चढले. उतरल्याची नोंद नाही.

ऑफिसचं दार मला उघडेना. पडद्यावर आलं, ही व्यक्ती दुसरीकडे आत आहे. वासुदेवांनी आतून उघडलं, हसत. माझं कार्ड तिथून काढू द्या म्हटलं. ते म्हणाले, गिऱ्हाईक खूश आहे, कशाला हात लावता? मी रंजिताचं नाव घेतलं. त्यांचं हसू गेलं. केबिनचं दार लावून हलक्या आवाजात विचारलं, तुम्हाला इथे राहायचंय ना?

दुपारपर्यंत बदल करायची माझी परवानगी काढून घेतलेली होती. नोंदी तेवढ्या दिसतात.

शनिवार, १५ फेब्रुवारी
आज नोंदीत एकशे दहा किलो आहेत. बावन्न नाही. एकशे दहा. लिफ्ट रिकामी.

मी अठ्ठावन्न किलोची आहे.

रविवार, १६ फेब्रुवारी
कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात वजनाच्या मशीनवर उभी राहिले. शून्य. दुकानदार म्हणाला, बिघडलं असेल, आणि स्वतः चढला. सत्त्याहत्तर. मी पुन्हा चढले — शून्य. तो माझ्याकडे बघत मागे सरला. पैसे घेतले नाहीत.

आईला फोन केला. आवाज येत नाही म्हणाली. मी ओरडून बोलत होते.

सोमवार, १७ फेब्रुवारी
कामावर गेले नाही. दार उघडलंच नसतं. कस्तुराबाई जिन्यात समोरून आल्या आणि — माझ्या अंगाला लागून गेल्या. मग दचकून म्हणाल्या, अगं, तू कधी आलीस?

त्यांच्या समोरच उभी होते मी. केव्हाची.

उद्या तिथे जाणार. नवव्या मजल्यावर लिफ्टची खोली आहे, तिथल्या यंत्रावरून बदल करता येतो. परवानगी लागत नाही.

मंगळवार, १८ फेब्रुवारी, अकरा वाजता
लिफ्टची खोली. लिफ्टला हात न लावता, जिन्याने आले. जिन्याचं दार माझ्या कार्डाला उघडलं नाही, नागोजींनी किल्लीने उघडून दिलं. दोनदा हाक मारली तरी आधी त्यांना मी दिसलेच नव्हते.

रंजिताचं कार्ड पुन्हा चालू केलं. ओळीत माझ्याऐवजी ४४१७ घातलं. आणि ओळीच्या वर सगळं लिहिलं — तिचं नाव, तारीख, वेळ, दार कसं उघडलं, चूक कुणाची, कुणी दाबली. कुणीतरी लिहायला हवं होतं. पूर्ण लिहिलं. जतन झालं.

दुपारी, बारा असतील
जिन्याचं दार लागलंय. आतून कार्डानेच उघडतं — माझं कार्ड घेत नाही. नोंद अजूनही म्हणते, मी लिफ्टमध्ये आहे. फोनला रेंज नाही. दार बडवलं. माझ्या बडवण्याचा आवाज — मलाच येत नाही —

खोलीबाहेर लिफ्ट आली. मी बोलावली नव्हती. दार उघडं ठेवून थांबली आहे. कधीची.

ती नोंद संपवायची तर लिफ्टमधून उतरायला हवं. उतरायचं तर आधी —

आत आले. दार लागलं. आकडा खाली येतोय — आठ — सात —

पाठीमागून कुणीतरी म्हणालं, अगदी साधेपणाने, "अक्का, स्वल्प सरका." मी सरकले. मागे तर आरसा आहे. आरशात एकच बाई दिसते आहे आणि ती मी नाही —