झादरच्या बाजारातला कट्टा

इझ बेट,
१८ ऑक्टोबर २०२४

प्रिय पेरिनाताई,

तुझे गुडघे कसे आहेत? इकडे सगळे बरे. पौर्णिमेमुळे बोटी धक्क्याला लागल्यात. चांदणं असलं की आपल्या दिव्यांकडे सार्डिन ढुंकून बघत नाही, म्हणून बसलोय जाळी शिवत. तुझ्या भावजयीने, नेदाने, अंजिरं वाळवलीत, या पत्रासोबत लाँचवरच्या आन्तेकडे देतोय.

दर पौर्णिमेला तुझ्याकडे जेवायला येतो, या वेळी आलो नाही. कंबर धरलीय म्हणून कळवलं, ते खोटं. कंबर ठणठणीत आहे. फोनवर तू आधी ओरडतेस आणि माझी वाचाच बसते, म्हणून लिहितोय.

गेल्या महिन्यात तीनशे पेट्या आणल्या होत्या, आठवतंय ना? घसा फोडून तू चाळीस विकल्यास. "आणखी कुणाच्या नरड्यात कोंबू? झादर काय तिन्ही त्रिकाळ सार्डिनच खाणार आहे का?" म्हणालीस. उरलेली मासळी मी समुद्रात ओतली. खलाशांसमोर रडू आलं गं मला.

आता एक इटालियन व्यापारी सगळा माल उचलतोय, खारवून परदेशी पाठवायला. तीन वर्षांचा करार झाला. इथल्या बाजारात एकही पेटी जायची नाही, ही त्याची अट. मी म्हटलं, "बहिणीपुरत्या दहा तरी?" तो हसला. "आज बहीण, उद्या मेव्हणी!"

एवढंच असतं तर तू दुसऱ्या बोटीचा माल घेऊन बसली असतीस, मला शिव्या घालत.

पण बाबांनी बाजारातला मासळी विकायचा कट्टा माझ्या नावावर केला होता, मुलगा म्हणून. बसलीस तू. एकतीस वर्षं, बर्फात हात घालून. चोरून विकायला घरचा कट्टाच नको, असं म्हणत व्यापारी अडून बसला. बुधवारी मी नगरपालिकेत जाऊन कट्ट्याचा हक्क सोडून दिला. तुझ्या शेजारच्या कट्ट्यावरच्या झोर्काने तिथल्या तिथे घेतला.

तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, आणि मग मला सही करता आली नसती.

पौर्णिमेची सुट्टी संपली म्हणून मंगळवारी पहाटे बर्फ घेऊन कट्ट्यावर जाऊ नकोस, ताई. झोर्कासमोर तू उभी राहिलेली मला सोसणार नाही.

रविवारी पहिल्या लाँचने येतोय. काय बोलायचं ते तोंडावर बोल.

तुझी जागा सहीनिशी सोडून आलेला,
शिमून